एअरबॅग फुटल्यावर गाडी नीट कशी होते, आणि नुसती लाइट विझवून का चालत नाही

एसी थंड करत नाही म्हणून एक गाडी माझ्याकडे आली होती. ब्लोअरपर्यंत पोचायला ग्लोव्हबॉक्स काढला, टॉर्च आत मारला, तर वरच्या बाजूला जिथं पॅसेंजरची एअरबॅग असायला पाहिजे तिथं काळ्या फोमचे बोळे कोंबलेले, आणि पिवळ्या कनेक्टरच्या दोन पिनांमध्ये काडीपेटीच्या गुलाएवढा एक रेझिस्टर सोल्डर करून वरून टेप गुंडाळलेली. एअरबॅग नाहीच. मीटरमधली एअरबॅगची लाइट मात्र अगदी व्यवस्थित, चावी फिरवली की लागायची, काही सेकंदांनी विझायची. मालकांनी गाडी सेकंडहँड घेतलेली, दोन वर्षं त्या सीटवर त्यांची आई बसत होती. मी त्यांना बोलावून तो टेपवाला कनेक्टर दाखवला, ते बराच वेळ नुसते बघत राहिले आणि मग एवढंच म्हणाले की आईला आता काय सांगू.

म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. ज्यांची गाडी ठोकली गेली आणि एअरबॅग फुटल्या त्यांच्यासाठी, गॅरेजवाल्याला नेमकं काय विचारायचं ते ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी, आणि जे स्वतः बॉडीशॉपमध्ये काम करतात पण या कामाला जरा बिचकतात त्यांच्यासाठीही. एक आधीच सांगतो, हे घरी पाना घेऊन बसून करायचं काम नाही, या पार्टमध्ये दारूगोळ्याच्या जातीचा माल असतो. पण काम दुसऱ्याकडून करून घेताना सुद्धा ते काय करतायत हे आपल्याला समजलं पाहिजे.

धडक होते तेव्हा आत काय घडतं

बऱ्याच जणांना वाटतं की बंपरला जोरात धक्का लागला की एअरबॅग उघडते. तसं नाहीये. निर्णय घेणारा एक कंप्युटर असतो, कुणी त्याला एसआरएस मॉड्यूल म्हणतं, कुणी एसीयू, तो गाडीच्या मधोमध गिअर लिव्हर किंवा हँडब्रेकच्या खाली बॉडीला घट्ट बोल्ट केलेला असतो. त्याच्या पोटात गाडीचा वेग किती झपाट्याने कमी होतोय ते मोजणारा सेन्सर असतो, शिवाय पुढं रेडिएटरच्या पट्टीजवळ एक-दोन सेन्सर, दरवाज्यात आणि पिलरमध्ये, म्हणजे दरवाज्याशेजारच्या उभ्या खांबांत, साइडचे सेन्सर. मॉड्यूल ताशी किती किलोमीटरने चाललो होतो ते बघत नाही, तर वेग कसा उतरतोय त्याचा आकार बघतो. खड्ड्यात चाक आपटलं तर झटका मोठा पण क्षणाचा, भिंतीवर गाडी गेली तर झटका सलग वाढत जातो, हा फरक त्याला ओळखायचा असतो आणि एका सेन्सरच्या सांगण्यावर तो जात नाही, दुसऱ्याची साक्ष जुळली तरच पुढं जातो.

हे सगळं साधारण १५ ते २० मिलिसेकंदांत. मग मॉड्यूल एअरबॅगच्या मागच्या इन्फ्लेटरमधल्या, म्हणजे गॅस बनवणाऱ्या डबीतल्या, बारीक तारेला, जिला स्क्विब म्हणतात, एक-दीड अँपिअरचा करंट देतो, ती तार तापून आतला माल पेटवते, गॅस तयार होतो आणि पुढच्या २० ते ३० मिलिसेकंदांत पिशवी पूर्ण भरते. ड्रायव्हरची पिशवी साधारण ६० लिटरची, पॅसेंजरची त्याच्या दुप्पट किंवा जास्त, कारण डॅशबोर्डपासून माणूस लांब बसलेला असतो. आपलं तोंड पिशवीला टेकतं तोपर्यंत ती मागच्या भोकांतून रिकामी व्हायला सुद्धा लागलेली असते, आणि ते तसंच हवं, कारण गच्च भरलेल्या फुग्यावर डोकं आपटलं तर ते उलट मागं फेकलं जाईल. पापणी लवायला १०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त लागतात, म्हणजे तुम्ही डोळे मिटायच्या आत पिशवी भरून झालेली असते.

साइडच्या एअरबॅगला तर एवढाही वेळ मिळत नाही. पुढून धडक झाली तर इंजिनची पूर्ण जागा चुरगळायला असते, बाजूने झाली तर माणूस आणि समोरची गाडी यांच्यात फक्त एक दरवाजा. त्यामुळे बऱ्याच गाड्यांत दरवाज्याच्या पोकळीत हवेचा दाब मोजणारा सेन्सर लावतात, दरवाज्याचा पत्रा आत दाबला गेला की आतली हवा दाबली जाते आणि त्यावरून धडक लगेच कळते. हे लक्षात ठेवा, दुरुस्तीच्या वेळी परत यावर येणार आहे.

आता गॅस कुठून येतो. जुन्या इन्फ्लेटरमध्ये सोडियम अझाइड असायचं, ते पेटलं की नायट्रोजन सुटतो. ते विषारी म्हणून नंतर ग्वानिडिन नायट्रेटसारखी मिश्रणं आली, आणि काहींमध्ये दाबाखाली भरलेला आर्गॉन किंवा हेलियम असतो. टकाटा कंपनीने अमोनियम नायट्रेट वापरलं, ते वर्षानुवर्षं दमट हवा आणि तापमानाचे चढउतार सोसून बिघडत गेलं आणि धडकेच्या वेळी इन्फ्लेटरची धातूची डबीच फुटून तुकडे माणसाच्या अंगात घुसले. जगभरात सुमारे १० कोटी इन्फ्लेटर परत बोलवायला लागले आणि कंपनीने २०१७ साली दिवाळखोरी जाहीर केली. सांगायचं कारण एवढंच की चावीच्या जुडग्याएवढी ही डबी आतल्या मालाच्या जरा फरकाने जीव वाचवणारीची जीव घेणारी होते, म्हणून या कामात "चालतंय की" हा शब्द नको.

आणि एअरबॅग एकटी काम करत नाही. एसआरएस म्हणजे सप्लिमेंटल रिस्ट्रेंट सिस्टिम, त्यातल्या पहिल्या शब्दाचा अर्थच जोडीला दिलेली असा आहे, मुख्य काम सीटबेल्टचं. १९८१ च्या मर्सिडीज एस-क्लासमध्ये ड्रायव्हर एअरबॅग आली तेव्हाच तिच्यासोबत बेल्ट ओढून घेणारा प्रीटेन्शनर दिला होता. आजही तेच, धडक ओळखली की बेल्टमधली छोटी दारू पेटते, बेल्ट काही सेंटिमीटर आत ओढला जातो, माणूस सीटला चिकटतो, आणि मग पिशवी. बऱ्याच गाड्यांत एअरबॅग न उघडण्याएवढ्या धडकेत प्रीटेन्शनर एकटाच उडालेला असतो आणि मालकाला पत्ताही नसतो.

उघडली नाही म्हणजे खराब आहे का

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. समोरच्या एअरबॅगसाठी बऱ्याच गाड्यांत हिशोब असा असतो की बेल्ट लावलेला नसेल तर भक्कम भिंतीवर ताशी १६ ते १९ किलोमीटरने सरळ धडकल्याएवढी धडक, आणि बेल्ट लावलेला असेल तर साधारण २५. उभ्या असलेल्या तेवढ्याच वजनाच्या गाडीवर गेलात तर वेग जवळपास दुप्पट लागतो कारण ती गाडीही चुरगळते आणि मागं सरकते. मागून कुणी ठोकलं, किंवा तुमची गाडी ट्रकच्या मागच्या भागाखाली घुसली आणि नुसतं बोनेट आणि काच गेली, तर समोरची एअरबॅग न उघडणं अगदी शक्य आहे, गाडी बघायला भयानक दिसते पण वेग हळू उतरलेला असतो. पण न उघडलेली सिस्टिम सुद्धा तपासूनच घ्यायची, पुढचा सेन्सर किंवा त्याची पट्टी वाकलेली असू शकते.

फुटल्यानंतरचा पहिला तासभर

आवाज १६० डेसिबलच्या पुढं जातो, कान वाजत राहतात, आणि गाडीत धूर भरल्यासारखा दिसतो म्हणून लोकांना वाटतं आग लागली. त्यातली बरीचशी पावडर असते, पिशवी घडीतून सुटी व्हावी म्हणून टाकलेली, पण इन्फ्लेटरमधून आलेला बारीक कणही असतो आणि तो डोळ्याला, घशाला झोंबतो. बाहेर या, काचा उघडा, दम्याचा त्रास असणाऱ्याला आधी बाहेर काढा, हात साबणाने धुवा, त्याच हाताने डोळे चोळू नका. पिशवीच्या मागचा धातूचा भाग भाजेल एवढा तापलेला असतो. बऱ्याच गाड्या स्वतःच दरवाजे अनलॉक करतात, इंजिनला पेट्रोल देणारा पंप बंद करतात, हॅझर्ड लावतात, काहींमध्ये बॅटरीची मुख्य केबलच एका छोट्या स्फोटाने तोडली जाते, हेही पुढं दुरुस्तीत बदलायला लागतं. आणि आत कुणी अडकलं असेल तर मदत करताना न फुटलेल्या एअरबॅगच्या समोर वाकून उभं राहू नका.

गाडी गॅरेजला आली, आता पहिलं काम

पाना उचलायच्या आधी फोटो काढायचे आणि स्कॅनर लावायचा, बॅटरी जिवंत असेल तर. कुठली एअरबॅग, कुठला प्रीटेन्शनर उडाला हे मॉड्यूलने लिहून ठेवलेलं असतं आणि ती यादीच तुमच्या कामाचा पाया आहे. बऱ्याच गाड्यांत धडकेआधीच्या ५ सेकंदांचा वेग, ब्रेक, बेल्ट लावला होता का वगैरे डेटाही साठतो, इन्शुरन्सचा किंवा कोर्टाचा मामला असेल तर तो आधी काढून ठेवायला सांगा, मॉड्यूल बदलून टाकून दिल्यावर तो गेला.

मग बॅटरीची निगेटिव्ह केबल काढायची, बाजूला बांधायची आणि थांबायचं. हे थांबणं लोक करत नाहीत. मॉड्यूलमध्ये कपॅसिटर असतात, धडकेत बॅटरी तुटली तरी एअरबॅग उघडता यावी म्हणून, त्यामुळे केबल काढल्या काढल्या सिस्टिम जिवंतच असते. कुणाच्या मॅन्युअलमध्ये ९० सेकंद, कुणाच्या ३ मिनिटं, कुणाच्या १०, जे लिहिलंय ते घड्याळ लावून. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड असेल तर हाय व्होल्टेज वेगळं बंद करायचं, ते त्याचं ट्रेनिंग असलेल्या माणसानेच.

हात लावताना काही सवयी ठेवायच्या. कुठलाही पिवळा कनेक्टर किंवा पिवळी नळी दिसली की ती एअरबॅगची समजायची. अंगातली स्थिर वीज उघड्या धातूला हात लावून घालवायची. न फुटलेली एअरबॅग उचलताना तिचं तोंड, म्हणजे पिशवी जिथून उघडते ती बाजू, अंगापासून लांब, टेबलावर ठेवताना तोंड वर, तिच्यावर काहीही ठेवायचं नाही. कारण साधं आहे, चुकून फुटलीच तर वरच्या बाजूने पिशवी मोकळी जाईल, उलटी ठेवली असेल तर अख्खं युनिट गोळ्यासारखं उडेल. आणि साधा मल्टिमीटर स्क्विबच्या पिनांना कधीही लावायचा नाही, मीटर मोजण्यासाठी स्वतःचा करंट सोडतो, आणि किती सोडेल याच्यावर हाताची बोटं पणाला लावायची नसतात. सर्किट तपासायचं तर एअरबॅग काढून तिथं साधारण २ ओहमचा टेस्ट लोड, म्हणजे एअरबॅग जागेवरच आहे असं मॉड्यूलला वाटायला लावणारा रेझिस्टर, लावतात आणि स्कॅनरवर बघतात. तो लोड तपासणीपुरताच, काम झालं की निघाला पाहिजे. माझ्याकडे आलेल्या त्या गाडीत हेच तपासणीचं साधन कुणीतरी कायमचं बसवून गाडी विकली होती.

अजून एक फसवी गोष्ट. फुटून लोंबकळणारी पिशवी मेलेली असते असं समजू नका. आताच्या बऱ्याच एअरबॅग दोन टप्प्यांच्या असतात, हलक्या धडकेत एकच टप्पा उडतो आणि दुसरा आत भरलेला राहिलेला असू शकतो. म्हणून उडालेलीही जिवंत समजूनच काढायची.

काय काय बदलायचं

इथंच पैसे वाचवायचा मोह होतो आणि इथंच माणूस फसतो. उडालेली एअरबॅग परत घडी घालून बसत नाही, कुणी "पिशवी भरून देतो" म्हणालं तर गाडी तिथून हलवा. उडालेला प्रत्येक प्रीटेन्शनर, म्हणजे बेल्टचं पूर्ण रीळ, आणि बकलच्या बाजूचा असेल तर बकलही. बकलचा प्रीटेन्शनर उडाला की बकल खाली ओढलं जातं, शेजारच्या सीटच्या बकलशी उंची जुळवून बघितली तर डोळ्याला कळतं. धडकेच्या वेळी जो बेल्ट माणसाने लावला होता तो प्रीटेन्शनर नसला तरी बदलायचा, बेल्टची पट्टी ताणलेली असते, रिळाच्या आतली दांडी, म्हणजे टॉर्शन बार, पिळलेली असते. मी पट्टी पूर्ण बाहेर ओढून रिंगजवळचा भाग बघतो, तिथं प्लास्टिक घासून वितळल्यासारखा चकचकीत पट्टा दिसला की समजायचं या बेल्टने माणूस धरला होता.

मॉड्यूलबद्दल खूप वाद आहे. बहुतेक कंपन्या एअरबॅग उघडल्यावर मॉड्यूल नवीनच टाका म्हणतात. बाजारात मात्र "क्रॅश डेटा पुसून देतो" अशी सेवा मिळते, आतली मेमरी पुसली की लाइट जाते आणि स्कॅनरवर सगळं स्वच्छ दिसतं. माझं मत स्पष्ट आहे, मेमरी पुसली जाते पण त्या डब्याने धडक खाल्लीये, आतले सेन्सर आणि फायरिंगचं सर्किट एकदा वापरलं गेलंय, ते परत तसंच चालेल याची हमी पुसणारा देऊ शकत नाही. तुमच्या गाडीच्या रिपेअर मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते प्रिंट काढून मागा आणि तेच करा.

ड्रायव्हर एअरबॅग उडाली असेल तर स्टिअरिंगमागची क्लॉकस्प्रिंग, म्हणजे स्टिअरिंग फिरलं तरी तार तुटू नये म्हणून गुंडाळलेली पट्टी, ती आचेने खराब होते, बदला. बसवताना ती बरोबर मध्यावर आणायला लागते, चाकं सरळ, मग मॅन्युअलप्रमाणे एका टोकापासून फेरे मोजून. हे चुकलं तर काही दिवस ठीक चालतं आणि मग एकदा पार्किंगमध्ये पूर्ण वळवताना आतली पट्टी तुटते, हॉर्न बंद आणि एअरबॅगची लाइट चालू. स्टिअरिंगची रिंग वाकलीये का, आणि खालचा कॉलम दबलाय का तेही मापून बघायचं, तो कॉलम धडकेत आत दबण्यासाठीच बनवलेला असतो आणि एकदा दबला की परत दबणार नाही.

वायरिंगला तडजोड नाही. एअरबॅगच्या कनेक्टरमध्ये एक छोटी शॉर्टिंग पट्टी असते, कनेक्टर निघाला की ती दोन्ही पिना आपोआप जोडते म्हणजे भटका करंट स्क्विबला जाऊ नये. कनेक्टर कापून वायरा पिळून टेप लावली की ही सुरक्षा गेली, आणि जोडाचा रेझिस्टन्स वाढून फॉल्टही येत राहतो. मॅन्युअल परवानगी देत असेल तर त्यांच्याच किटने जोड, नाहीतर पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरांचा अख्खा जुडगाच, बदलायचा.

डॅशबोर्ड, काच, सीट, छत

पॅसेंजर एअरबॅग बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डच्या अखंड कातडीखाली लपलेली असते. ती कातडी वरून एकसंध दिसते पण आतून लेझरने रेघ मारून कमजोर केलेली असते, म्हणजे ठराविक ठिकाणीच आणि ठराविक जोरातच फाटावी. एकदा फाटल्यावर काही ठिकाणी ती फिलर भरून, फायबर लावून, वर नवीन कातडी चिकटवून अशी सफाईने दुरुस्त करतात की नव्यासारखी दिसते. हे मला सगळ्यात जास्त खुपतं, कारण नवी एअरबॅग टाकूनही ती वाया गेली. तो जोड कधी फाटेल, फाटेल का, की फिलरचे कडक तुकडे तोंडावर उडतील, कुणालाच माहीत नाही. फाटलेला डॅशबोर्ड बदलायचा, पॉलिश नाही.

पुढच्या काचेचा विचार लोक वेगळा करतात पण ती याच सिस्टिमचा भाग आहे. पॅसेंजरची पिशवी उघडताना वर जाते, काचेला टेकून माणसाकडे वळते. काच नवीन चिकटवली आणि चिकटवणारा गोंद पूर्ण सुकायच्या आत गाडी बाहेर काढली तर पिशवीच्या जोराने काच बाहेर ढकलली जाऊ शकते. गोंदाच्या डब्यावर गाडी किती तासांनी चालवायची ते लिहिलेलं असतं, तेवढा वेळ द्या.

सीटमधली साइड एअरबॅग उडाली तर पाठीचा फोम आणि कव्हर दोन्ही, कारण त्या बाजूची शिवण खास धाग्याने घातलेली असते, तुटावी म्हणून. बाहेरून हवी तशी शिवून घेतलेली सीट किंवा जाड फिट कव्हर पिशवीला अडवतं. छताच्या कडेची कर्टन एअरबॅग असेल तर छताचं अस्तर, पिलरचे प्लास्टिक आणि त्यांच्या क्लिपा नवीन, पिलरची क्लिप एकदाच वापरायची असते, ती जुनी लावली तर पुढच्या वेळी प्लास्टिकच सुटून अंगावर येतं. आणि लांब नळीसारखी घडी केलेली ती पिशवी बसवताना कुठं पीळ पडला नाही ना हे तिच्यावरची रेघ बघत बघत जायचं.

दरवाज्याचं राहिलं होतं. आत दाबाचा सेन्सर असेल तर दरवाज्याच्या आतल्या पत्र्यावर चिकटवलेला पातळ पडदा पूर्ण सील पाहिजे. डेंटिंग करताना तो फाडतात आणि स्पीकर लावताना मोठं भोक पाडतात, हवा गळते आणि सेन्सरला दाब नीट कळत नाही.

बॉडीचं काम आणि सेन्सर

पुढचे सेन्सर मॅन्युअल सांगेल तसे बदला किंवा तपासा, आणि बसवताना त्यावरचा बाण मॅन्युअलमध्ये दाखवलाय त्याच दिशेला, बोल्ट ठरलेल्या टॉर्कला, आणि खालचा पत्रा सपाट, रंगाचा थर किंवा गंज नसलेला. सेन्सर हलत्या किंवा वाकड्या पट्टीवर बसला तर तो चुकीचा झटका मोजणार. याहून खोल गोष्ट म्हणजे पुढची चॅसिसची पट्टी कशी नीट केली. मॉड्यूलमधलं गणित त्या मॉडेलच्या मूळ चुरगळण्यावर बसवलेलं असतं, त्यात जाड पत्र्याचे ठिगळ वेल्ड करून पुढचा भाग दगडासारखा केला, किंवा बंपरवर जाड लोखंडी गार्ड लावला, तर धडकेचा आकारच बदलतो आणि एअरबॅग नको तेव्हा किंवा उशिरा उघडू शकते.

जोडून झाल्यावर

सगळे कनेक्टर बसले, त्यांचे लॉक टक् आवाज करून लागले, मग शेवटी बॅटरी. बॅटरी जोडताना आणि पहिल्यांदा इग्निशन चालू करताना गाडीत कुणी बसलेलं नको, हात बाहेरून घालून, पिशवीच्या वाटेत न येता. नवीन मॉड्यूल त्या गाडीच्या चेसिस नंबरला आणि त्या गाडीत किती एअरबॅग आहेत त्याला कोड करायला लागतो. पॅसेंजर सीट काढली असेल तर त्यातल्या वजनाच्या सेन्सरचं झिरो सेटिंग, नाहीतर मोठा माणूस बसला तरी गाडीला रिकामी सीट वाटेल. स्टिअरिंग अँगल सेन्सर सेट करायचा, आणि काच किंवा बंपर निघाला असेल तर कॅमेरा आणि रडारचं कॅलिब्रेशन. मग शेवटचा पूर्ण स्कॅन, आणि पहिला व शेवटचा दोन्ही रिपोर्ट मालकाच्या हातात.

काढलेला न उडालेला माल भंगारात टाकायचा नाही, कापायचा नाही, जाळायचा नाही. वाहतुकीच्या नियमांत तो धोकादायक माल म्हणून यूएन ३२६८ या नंबराखाली येतो. ज्यांच्याकडे सोय आहे ते लांबून वायरने उडवून मग भंगारात देतात.

पार्ट खरा आहे का

नकली एअरबॅग ही काल्पनिक भीती नाही. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा संस्थेने २०१२ मध्ये नकली एअरबॅगबद्दल जाहीर इशारा दिला होता, आणि २०२४ मध्ये परत, स्वस्तात आणलेल्या हलक्या दर्जाच्या इन्फ्लेटरमुळे, जुन्या धडकेनंतर दुरुस्त केलेल्या गाड्यांत माणसं मेल्यावर. त्या गाड्यांच्या मालकांना आपल्या गाडीत काय बसवलंय ते माहीत असणं कठीणच, बाहेरून कव्हरवर तोच लोगो असतो. म्हणून पार्ट नंबर आणि बारकोड असलेलं बिल मागा, बॉक्स आणि लेबलचा फोटो मागा, आणि बसवायच्या आधी स्वतः जाऊन बघायचं असेल तर तसं सांगा, चांगला गॅरेजवाला कधीच नाही म्हणत नाही. दुसऱ्या गाडीतून काढलेल्या जुन्या एअरबॅगच्या मी विरोधात आहे, पुराच्या पाण्यातली होती की रिकॉलमधली, कोण सांगणार.

सेकंडहँड गाडी घेताना

चावी चालू करून लाइट बघा, ती लागलीच पाहिजे आणि काही सेकंदांनी स्वतःहून विझली पाहिजे. लागलीच नाही तर बल्ब काढलेला किंवा गेलेला असू शकतो. दुसऱ्या एखाद्या लाइटबरोबर बरोबर त्याच क्षणी विझत असेल तर वायर तिला जोडलेली असू शकते. पण वर सांगितलं तसं ही परीक्षा पास होऊनही गाडी रिकामी निघते, म्हणून पुढं जा. सगळे बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, त्यावरचं लेबल आणि बनवल्याची तारीख गाडीच्या वर्षाशी जुळवा, एकच बेल्ट नवा असेल तर का ते विचारा. डॅशबोर्डच्या पॅसेंजर बाजूवर उजेड तिरका पाडून हात फिरवा, पोत बदललेला किंवा हलका फुगवटा लागतो. स्टिअरिंगवरचा लोगो आणि कव्हरचा रंग बाकी प्लास्टिकशी जुळतो का बघा. ग्लोव्हबॉक्स काढायला दोन-चार मिनिटं लागतात, मेकॅनिकला सोबत न्या आणि वर टॉर्च मारायला सांगा, एअरबॅगची धातूची डबी आणि तिच्यावरचं लेबल दिसायला पाहिजे. त्यांनी कुठल्या पिवळ्या कनेक्टरला हात लावायची गरज नाही, फक्त बघायचं.

त्या एसीवाल्या गाडीत शेवटी पॅसेंजर एअरबॅग, डॅशबोर्ड, मॉड्यूल आणि पुढचे दोन्ही बेल्ट टाकले, ड्रायव्हरची एअरबॅग लेबल आणि पार्ट नंबर जुळवून खरी निघाली. आणि एसी थंड का करत नव्हता तर कोंबलेला तो फोम कालांतराने भुसभुशीत होऊन त्याचे तुकडे ब्लोअरने आत ओढले होते, पंख्याच्या पात्यांमध्ये काळा चुरा अडकलेला. तो चुरा मी एका पिशवीत भरून रेझिस्टरसोबत मालकांना दिला, त्यांना ज्यांनी गाडी विकली त्यांच्यासमोर ठेवायचा होता.